दाजींच्या डोक्यातली नर्सरी

...नाय, मला एक सांगा राव, माणसाचं डोकं म्हणजे काय सोसायटीचं गोडाऊन हाय का? आणलं का टाक आत, आणलं का टाक आत, वरनं कुलूप, आणि चावीबी आतच! धंदा म्हणं! याला धंदा म्हणायचा? अहो, जत्रेत पाळणावाला असतो ना, त्याच्याकडंबी ठरलेलं असतं, पैसे कोणी घ्यायचे आणि पाळणा कोणी थांबवायचा. आमच्याकडं पाळणा सुरू व्हायचा, थांबवायचा कोणी हे मालक सोडून कोणाला ठाऊक नाय!

बसा पावणं, तुमाला सांगतो. मी रामनाथ, मूळचा शिनोलीचा. चाकणला कंपनीत स्टोअरला उभी हयात गेली. आता कंपनी म्हणजे कशी? साधा पाण्याचा पंप चालू करायचा तरी भिंतीला कागद. आधी हे बटण, मग ते, बंद पडला तर अमक्याला फोन, अमका नसला तर तमक्याला. मॅनेजर कोणाच्या लग्नाला गेला तरी काम चालू. मॅनेजर स्वतःच्याच लग्नाला गेला तरी काम चालू! मग आमची लाईन बंद पडली, आमाला घरी बसवलं, तर आमची थोरली बहीण वैजयंती, ती म्हणली, "रामनाथ, घरात बसून पंख्याकडं काय बगतो? राजुरीला ये, नर्सरीत दाजींना हातभार लाव." गेलो. एवढी हुशारी केली मी.

दाजी म्हणजे दादाभाऊ, ताईचे मालक. राजुरीत त्यांची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी. शेतकऱ्यानं बी आणून द्यायचं, दाजींनी ट्रेमधी पेरून रोप वाढवून द्यायचं. माणूस कामाचा, खोटं कशाला बोलू? त्यांच्या हातचं रोप मरत नाय. पण पद्धत? शून्य! पहिल्याच दिवशी विचारलं, "दाजी, हे ट्रे कोणाचे?" "हायेत एकाचे." "नाव नाय टाकलं वर?" तर हे असं बोट कपाळावर, टक टक, "डोक्यात हाय!" "पाणी कोण देतं?" "ज्याचं त्याला माहीत हाय." "मोटर कशी चालू करायची?" "ती माझ्याच हातानं चालू व्हते." आणि हे कौतुकानं बरं का! जसं काय मोटर ह्यांच्या मांडीवर खेळून मोठी झालीय!

मी म्हणलं, "दाजी, कामकाजाचा एक प्लॅन लिहून काढू. कोणी काय करायचं, कधी करायचं, कोणता ट्रे कोणाचा, आणि तुमी नसलात तर कोणी बगायचं." दाजी हसले. भागू हसला. भागू म्हणजे आमचा गडी, त्याला हसण्याचं कारण लागत नाय, मालक हसला का हा हसतो. आणि ताई म्हणली, "अरे घरचा धंदा हाय, ही काय कंपनी हाय का? तू कुठं जायचा नाय, ह्ये कुठं जायचे नाय, लिहून कोणाला दाखवायचंय?" आणि दाजी परत, टक टक, "सगळं डोक्यात हाय, रामनाथ!"

बरं, एवढा ऐवज डोक्यात हाय तर माणसानं डोकं सांभाळावं का नाय? हेल्मेट कुठं? खुंटीला! हेल्मेटात ताईनं लसूण ठेवलेला! आणि ह्ये निघाले मोटरसायकलवर आणे गावाला, गिऱ्हाइकाकडं. येताना आणे घाटात पुढं दुसऱ्या एका नर्सरीचा टेम्पो, रोपांनी भरलेला. आता तुमी-आमी काय करू? रस्ता बगू. दाजींनी रोपं बगितली! मान लांब करून, त्याचं रोप आपल्यापेक्षा उंच हाय का काय... गाडी सरळ गेली, रस्ता सरळ नाय गेला.

उजवा हात मोडला आणि जबडा मोडला. हाताला प्लास्टर, जबडा तारांनी गच्च बांधलेला. खायचं ते नळीनं, आणि बोलणं बंद! डॉक्टर बाहेर येऊन म्हणतो, "घाबरू नका, डोक्याला काही झालेलं नाही, आतलं सगळं जागेवर आहे." ताईनं देवाला हात जोडले. मी म्हणलं, "डॉक्टरसाहेब, आतलं जागेवर हाय तीच तर भानगड हाय, ते बाहेर कसं काढायचं?"

मग काय, सुरू झाला आमचा घरचा धंदा! ऊन असं का पत्रा हात लावू देईना. ताईला वाटलं भागूनं पाणी दिलं. भागूला वाटलं ताईनं दिलं. मला वाटलं दोघांपैकी कोणीतरी दिलं असंलच, कंपनीत देतात! सांजच्याला बगतो तर रोपं माना टाकून पडलेली. मग मोटर. बटण दाबलं, नुसती घूं करती. भागू म्हणतो, "मालक हिला काठीनं दाबून धरत्यात." कुठं दाबून धरत्यात? "ते मालकाला माहीत." आता काय मोटरीला गुदगुल्या करायच्या? शेजारच्याच्या पाइपातनं पाणी घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी कहरच! धसका घेतला ना सगळ्यांनी, ताईनंबी पाणी दिलं, भागूनंबी दिलं, मीबी दिलं, तिघांनीबी एकाच बाजूला. एक बाजू सुकून गेली, एक बाजू पोहायला लागली. आणि भागू हसतोय! मालक तिकडं झोपलेत तरी हसतोय!

आणि ह्या असल्या टायमाला आल्या लंकाबाई.

लंकाबाई आण्याच्या. नवरा जाऊन वर्ष झालेलं. वावर दिरांनी करायचं का हिनं, यावरनं घरात लई झालं, आणि ही बाई उभी राहिली, "माझं वावर मीच करणार." मल्चिंगचा कागद अंथरला, ठिबक पसरलं, ढोबळी मिरचीचं बी स्वतः निवडून दाजींकडं दिलं. आता तुमाला ठाऊक हाय, आण्याच्या पठारावर पाणी म्हणजे काय. विहिरीत हाय तवर रोपांची लागण झाली तर झाली. पिकअप दारात लावून बाई म्हणती, "भाऊ, माझी रोपं द्या. दीर रोज बांधावर येऊन बसत्यात, बाई कुठं चुकती ते बगायला."

द्या म्हणं! कुठली द्यायची? आत मिरचीचे ट्रे दोन बाजूंना. एक बाजू लंकाबाईंची ढोबळी, एक बाजू सावळेरामची तिखट मिरची. सावळेराम माझ्याच गावचा, त्याचं बी मीच आणून दिलेलं. म्हणजे आणून दिलं, ते कुठं पेरलं हे दाजींच्या डोक्यात! आता जाणता माणूस पानावरनं ओळखतो, ढोबळीचं पान रुंद असतंय. पण आमी पानं ठेवली व्हती का ओळखण्यासारखी? एकीकडची वाळून शेवया झालेली, दुसरीकडची कुजून भाजी!

मग लावला व्हिडिओ कॉल. ताई दवाखान्यात, तिनं फोन दाजींच्या तोंडापुढं धरलेला. मी म्हणलं, "दाजी, लंकाबाईंची रोपं कुठली? दारातनं आत गेल्यावर उजवीकडची का डावीकडची?" दाजी म्हणले, "ह्म्म्म ह्म्म." ताई म्हणती, "पाणी पायजे का?" "ह्म्म्म!" "लघवीला जायचंय का?" अहो ताई, रोपं विचारतोय आपण! भागूनं डोकं लावलं, "मालकाला लिहून द्यायला सांगा." डाव्या हातात पेन दिला. काढलं त्यांनी एक अक्षर. ताई म्हणली ढ, ढोबळीचा. भागू म्हणला ट. मी बगितलं तर मला कोंबडीचा पाय दिसला. बरं, मोबाईलवर टाइप करा म्हणलं, तर माणसानं जन्मात टाइप केलेलं नाय, आयुष्यभर माइकचं बटण दाबून बोलला, "हां, डोक्यात हाय, सांगतो नंतर."

शेवटी ताई म्हणली, "अहो, हातानं दाखवा!" आणि दाजींनी हात केला. डावीकडं. ठामपणे! परत विचारलं, परत डावीकडं. लंकाबाईंनी आपल्या डोळ्यानं बगितलं. भरली डावीकडची रोपं, गेली बाई. उजवीकडची सावळेराम घेऊन गेला. आमी म्हणलं, चला, सुटलो.

आता तुमी मला सांगा, ज्या माणसाचा उजवा हात गळ्यात बांधलेला हाय, तो उजवी बाजू दाखवणार कशानं? त्यानं दाखवलं तर डावीकडंच दाखवणार ना? हे तिथल्या तिथं कोणाच्या टाळक्यात आलं का? कोणाच्याबी नाय!

पुढं दाजींच्या तारा निघाल्या, प्लास्टर निघालं, घरी आले. दाजींच्या हातचं रोप मरत नाय म्हणलं ना, तसल्यातनंबी जगली, झाडं फळाला लागली. पहिला फोन सावळेरामचा. "रामनाथ, ही मिरची हाय का भोपळा? ठेचा करायला गेलो तर भाजी झाली!" मी दाजींकडं बगितलं, दाजी माझ्याकडं. आणि तेवढ्यात पिकअप येऊन थांबली. लंकाबाई उतरल्या, पाटी आणली, दाजींच्या पुढ्यात ठेवली. पाटीत लांब लांब, हिरव्यागार, टोकदार मिरच्या. दाजी म्हणले, "लंकाबाई, आवो माझ्या डोक्यात बरोबर व्हतं..." तशी ती बाई अशी कडाडली, "डोक्यात व्हतं तर डोक्यातच लावायचं व्हतं! माझ्या वावरात कशाला आलं? दीर बांधावर बसून हसले, दादाभाऊ. म्हणले, वहिनी, बी तरी वळखता का तुमी? बी मी वळखूनच दिलं व्हतं. तुमी वळखलं नाय!"

दाजी खाली मान घालून एक मिरची हातात घेऊन बसले. भागूसुदा हसला नाय, यावरनं समजा.

ताईनं पाणी आणून दिलं. बाई प्यायल्या नायत. म्हणल्या, "मी पडणारी बाई नव्हं. तिखट तर तिखट, आळेफाट्याच्या बाजारात उभी राहिले, विकतीय. दिरांना म्हणलं, आता या तोडायला. येत्यात. पण ती माझी हिंमत, तुमची मेहेरबानी नाय. पुढच्या लागणीला रोप पायजे तर येईन, पण आधी दारावर लिहिलेलं दिसलं पायजे, काम कोणाचं, ट्रे कोणाचा, आणि हा माणूस नसला तर जाब कोणाला विचारायचा. नायतर नर्सऱ्या रग्गड हायेत."

गेल्या. दाजींनी हातातली मिरची खाली ठेवली. मग म्हणले, "रामनाथ, तो तुझा कंपनीवाला प्लॅन... लिही."

लिहिला राव! आनंदानं लिहिला, तुमाला सांगतो, कंपनीत असताना एवढ्या उमेदीनं कधी काम केलं नाय. ट्रेवर नाव, गाव, वाण. मोटर कशी चालू करायची त्याचं चित्र, ती काठी कुठं धरायची त्यासकट. पाणी सकाळी भागू, सांजच्याला ताई. भागू नसला तर ताई, ताई नसली तर दाजी, दाजी नसले तर रामनाथ. दारावर लावला. लंकाबाई येऊन वाचून गेल्या, दोन चुका काढल्या, मग बी दिलं. दाजींनी चष्मा लावून तीनदा वाचला. ताईनं वाचला. भागूनं अक्षर अक्षर लावून वाचला. सगळ्यांना लई आवडला, तेवढी एक ओळ तर फारच आवडली, "नसला तर" ही!

कारण आठवडा नाय झाला तोवर भागू म्हणतो, "बहिणीकडं जाऊन येतो, माझ्या जागी ताई हायेत, लिहिलंय." गेला. ताई म्हणली, "मला कधीपासनं देवदर्शनाला जायचं व्हतं, ह्येंनाबी नेते, आजवर नर्सरीनं पाय बाहेर काढू दिला नाय." दाजी बॅग भरून दारात, हेल्मेट घातलेलं, म्हणले, "रामनाथ, तू एवढा छान प्लॅन केला म्हणून तर निघता आलं बग!" आणि भुर्र... कधी येणार? ते नाय लिहिलं मी!

म्हणून म्हणतो पावणं, धंद्याला प्लॅन पायजेच पायजे, त्याबिगर धंदा म्हणजे नुसता पोरखेळ, माझं मत अजून तेच हाय... फक्त तो लिहायला आपण बसू नये. जरा तो पाइप धरता का, मी मोटर चालू करून येतो.