दुपारची झोप आणि कुलूप नसलेलं जग

...नाही, पण तुम्हीच सांगा, झोपलेल्या माणसाला कुणी पदाधिकारी करतं का हो? करतं! मला केलं! मी आपला साधा गाद्या-उश्या विकणारा माणूस, माझा कॉम्प्युटरशी संबंध काय, तर बिल काढण्यापुरता... आणि भांडण्यापुरता.

तुम्हाला सांगतो, आमच्या दुकानाची एक रीत आहे, वडिलांपासूनची. नवी गादी शिवून झाली की दुपारी बायकोला गल्ल्यावर बसवायचं, मागच्या खोलीत जायचं आणि मालकाने स्वतः त्या गादीवर झोपून बघायचं. झोप लागली तर गादी पास, नाही लागली तर टाके उसवा, कापूस पुन्हा भरा. म्हणजे मी झोपतो ते काम असतं हो! आणि काय ती दुपार... खिडकीतून उन्हाची एक पट्टी आत आलेली, तिच्यात कापसाचे तंतू तरंगतायत, रस्ता लांब कुठेतरी पुटपुटतोय, आणि आपण हळूहळू... हळूहळू...

टुंग! 'आपल्या परवान्याची मुदत संपत आली आहे.' टुंग! 'नवी आवृत्ती घ्या.' बिलाचा प्रोग्रॅम! विकत घेतला मी, किल्ली कंपनीकडे! आवाज बंद करावा म्हटलं तर बटणच नाही. कंपनीला फोन केला तर गोड आवाजात, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,' आणि पुढे बासरी. बासरी! म्हणजे गिऱ्हाइकाला झोपवायची विद्या येते यांना, पण नको तेव्हा! इकडे गाद्या साचत चालल्या. तपासल्याशिवाय द्यायची नाही, आणि झोपल्याशिवाय तपासायची कशी?

शेवटी पुतणी म्हणाली, "काका, रडत काय बसलात, आमच्या संघात या ना." संघ म्हणजे कसला, तर धंदेवाले आणि प्रोग्रॅम लिहिणारे एकत्र जमलेले, नफा कुणीच काढायचा नाही, आणि धंद्यात ओपन सोर्स वापरा, ओपन सोर्स वापरा, असं जगाला सांगत सुटायचं. मी म्हटलं, "ते काय असतं?" "प्रोग्रॅम आतून उघडा असतो, काका. कुणीही बघावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा." "टुंग काढता येईल?" "मुळासकट!" झालं... गेलो.

सभा कुठे? बेकरीच्या माडीवर! तिथेच घात झाला. खालून भट्टीची ऊब, ताज्या पावाचा वास, वर पंखा, आणि समोर दाढी. दाढी म्हणजे आमचा प्रोग्रॅमवाला, त्याला सगळे दाढीच म्हणतात. आवाज असा मऊ, की पिंजलेला कापूस उडतोय! "कल्पना करा... एक जग... जिथे कशालाच कुलूप नाही... एकाने सुधारलं की सगळ्यांचं सुधारलं..." आणि तुम्हाला सांगतो, मला दिसलं हो ते जग! लांबच लांब एक गादी, या गावापासून पार त्या गावापर्यंत, जो येतो तो एक टाका घालतो नि पुढे जातो, आणि कुणी विचारत नाही हा टाका कुणाचा... किती सुंदर! मी जरासा टेकलो...

"हरकत आहे का कुणाची?"

हा आवाज अध्यक्षबाईंचा. चष्म्यांचं दुकान त्यांचं. आता, या संघात मतदान नसतं हे मला कुणी सांगितलं होतं का? बाई विचारणार, "हरकत आहे का कुणाची?" आणि जो गप्प त्याची संमती! मी म्हटलं, अहो, मी घोरत होतो. तर म्हणतात, "घोरणं म्हणजे गप्पच की!" डोळे उघडले तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि मी चाचणी समितीचा प्रमुख होतो.

बरं, मला चाचणी येते ती एकच! दाढीने नवा प्रोग्रॅम दुकानात बसवला, मी गादीवर आडवा झालो. जाग आली? प्रोग्रॅम नापास. दाढीला फोन. "काय बिघडलं, काका?" "ते तू बघ बाबा, मला उठवलं त्याने एवढं खरं!" तो बिचारा उघडून बघायचा, आणि दर वेळी काहीतरी सापडायचंच. असं करता करता एक दुपार अशी आली, की मी उठलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. बायकोने गिऱ्हाइकं केली, बिलं काढली, मला पत्ता नाही! खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या.

पण तिथे थांबतील तर शपथ! छापखानेवाले, सायकलवाले, दातांचे डॉक्टर, सगळ्यांना म्हणे काकांनी झोपून पास केलेलाच प्रोग्रॅम हवा. मग पुन्हा सभा, पुन्हा भट्टीची ऊब, दाढीची कल्पना, ती लांबच लांब गादी... "हरकत आहे का कुणाची?" उठलो तर प्रचारप्रमुख. पुढच्या खेपेला उठलो तर उपाध्यक्ष! लोक राबून वर चढतात, मी झोपून चढत होतो.

मग बाईंनी पद सोडायचं जाहीर केलं आणि आमच्या हिने मला समोर उभं केलं. "अहो, दोनच शब्द आहेत, 'हरकत आहे.' म्हणा बघू." म्हटलं. "जोरात!" जोरात म्हटलं. गेलो सभेला, खुर्चीच नको म्हटलं, खिडकीशी उभा राहिलो, स्वतःला चिमटे काढत. दाढीचं सुरू, "कल्पना करा..." गादी पसरली डोळ्यांपुढे, मी पाय ठेवला नाही! "नवे अध्यक्ष, गादीवाले काका. हरकत आहे का कुणाची?"

"आहे! माझी!"

बाईंनी चष्मा वर सरकवला, आणि काय आनंद त्या चेहऱ्यावर! "वा, काका! किती तळमळ! आता आपला नियम असा, हरकत घेणाऱ्याने दुसरा माणूस शोधायचा, आणि तो तयार होईपर्यंत काम स्वतः सांभाळायचं." मी दुसऱ्या माणसासाठी सभेकडे बघितलं. अख्खी सभा पंख्याकडे बघत होती.

तर आहे आता अध्यक्ष. रोज दुपारी फोन, "काका, तुमच्या प्रोग्रॅममुळे आज काय शांत झोप लागली हो!" हे सांगायला दुपारी फोन! आणि नव्या गाद्यांवर आता बायको झोपते. परवा एक जुनं गिऱ्हाईक भेटलं, माझा हात हातात घेऊन म्हणतं कसं, "काका, तुम्ही त्या संघात पडल्यापासून तुमच्या गाद्या फार सुधारल्या हो!"