खुर्ची उचलली कुणी?

मंडळी, एक विचारतो. माणसाला जिन्यावरून ढकलायचं, आणि खाली पडला की म्हणायचं, ‘स्वतःच उतरला हो’ — हे पाप की नाही? माना हलवताय. बरं. मग ऐका.

एका दूध संघात हेमलता डोईफोडे दूध तपासायची. एका सकाळी तिनं अध्यक्षांच्या मेहुण्याचं दूध परत पाठवलं. का? दुधात पाणी! मेहुणा म्हणतो, “बाई, म्हैसच पाणी पिते, त्याला मी काय करू?”

झालं. व्यवस्थापक शेजवळ साहेबांना वरून निरोप आला — बाई नको. पण काढायला कारण हवं ना! मग आधी तिचं काम काढलं. नंतर टेबल. एका सोमवारी येऊन बघते, तर खुर्चीच नाही! रिकाम्या कॅनांशेजारी दिवसभर उभी. डब्यातली भाजी वाटून खाणारी मंगल कुजबुजली, “ताई, आमच्याशी बोलू नका. साहेब बघतात.”

घरी लेकीचं कॉलेज. तरी किती सोसणार? पाय सुजले, झोप उडाली. शेवटी दिला राजीनामा.

आणि संघाची रीत बघा! जाणाऱ्याला शाल, नारळ अन् भाषण. शेजवळ उठले, “हेमलताबाईंसारखं चोख काम कुणाचंच नाही.” टाळ्या! कुणी मोबाइलवर घेतलं, संघाच्या ग्रुपवर टाकलं. कौतुकच ना!

हेमलता कामगार न्यायालयात गेली. तिथं हेच शेजवळ म्हणतात, “काम जमेना, आपणहून गेल्या.” तिच्या वकिलांनी तो समारंभ लावून दाखवला. न्यायाधीशांनी भाषण ऐकलं. मग विचारलं, “बोलणारे तुम्ही सोडलात तर सगळे बसलेत. जिचा सत्कार, ती एकटी उभी का?”

निरोप समारंभातसुद्धा तिला खुर्ची द्यायचं साहेबांना सुचलं नव्हतं!

निकाल लागला — छळून घेतलेला राजीनामा हा राजीनामाच नव्हे, ते काढून टाकणंच. कामावर परत घ्या.

हेमलता परतली. खुर्ची जागेवर, स्वच्छ पुसलेली. ती बसली नाही. म्हणाली, “उचलली कुणी होती?”

मंगलच्या डोळ्यांत पाणी. “एक बाजू मी धरली होती, ताई.”

टाळकरी, थांबा जरा. साहेबानं फक्त सांगितलं, मंडळी. साहेबाचे हात खुर्ची उचलत नाहीत. मघाशी माना हलवल्यात ना? आता आपापले हात बघा. आणि त्याच हातांनी टाळी वाजवून देवाचं नाव घ्या — वाजत असेल तर.