संबळ मालकांचा, आवाज कुणाचा

आमी जातीचे गोंधळी, ताई, कराडाकडचे. माझे मालक संबळ वाजवायचे, कुटं लगीन झालं की गोंधळाला त्यांनाच बोलावनं. तर मी नवी नवरी असताना कोल्हापुराहून सिनेमावाले आले आन् मालकांना शूटिंगला घेऊन गेले. आठ दिसांनी परतले ते लई खुशीत, म्हनले, मी पडद्यावर येनार हाय.

सिनेमाचं नाव इचारायचं सुचलंच न्हाई त्यांना, काय सांगू तुमाला. पुढं जत्रेत तंबूत गोंधळाचा सिनेमा लागला, समदे म्हनले ह्योच त्यो, अख्खा गाव बघाया गेला, आन् त्यात वाजवनारी मानसं भलतीच. गाव लई हसला. घरी आल्यावर मालक म्हनले, मी खरंच वाजवलंय गं, तुला तरी पटतंय का. आन् मी गप बसले, ताई. मला बी वाटलं, कुटंतरी बिगारी केली आसंल आन् थापा मारत्यात. सिनेमाचं नाव पुन्यांदा काढलं न्हाई त्यांनी. आता त्यांना जाऊन बारा वर्सं झाली.

लेक हितं दुबईकडं, अल ऐनला दवाखान्यात एक्स-रे काढतो. त्यानं मला बोलावून घेतलं, पन घरात करमंना, म्हनून शुक्रवारी सुट्टीला दुकानातनं जुन्या मराठी सिनेमाची कॅसेट भाड्यानं आनली. बघता बघता त्यात गोंधळ लागला, आन् मालक. पंचविशीतले, कमरंला संबळ, डावा खांदा वर काढून वाजवायची तीच तऱ्हा. मी म्हटलं, थांबव. लेक म्हनला, आई, नक्की का गं? नात म्हनली, इज दॅट आजोबा? पुन्यांदा लावलं, पुन्यांदा बघितलं.

म्हंजे गावात आला त्यो सिनेमाच दुसरा व्हता का? आन् हात त्यांचे, पन आवाज त्यांचा न्हवं, संबळावर टिपरू, म्हंजे वाजवायची काडी, पडायची एकीकडं आन् ठेका ऐकू यायचा भलताच. लेक म्हनला, आवाज मागनं भरत्यात. आसंल. आन् मालक हसत व्हते, ताई, तसं हसलेलं मला तर आठवंना. मग हे तेच का दुसरं कोन, आसं बी मनात आलं.

लेकानं गावी जावंला फोन लावून दिला. ती म्हनली, आता कुनाला सांगायचं बाई, हसनारी समदी गेली.

लेक म्हनला, दुकानदाराला सांगून कॅसेट ठिवून घिऊ. मी म्हटलं, नगं, परत दे. दुसऱ्या कुनाच्या घरी लागंल, वाजवनाऱ्याकडं बघत्याल. देव समद्यांचं भलं करू दे, मला काय अजून नीट उमगत न्हाई.