टेपात गुंडाळलेली ब्रेकची वायर

…आणि किल्ली फिरवून काही होणार नाही, भाऊजी, सीटखालचा बॅटरीचा स्विच मी पाडून ठेवलाय. स्कूटर विकायला न्यायची ना — न्या की, पण आधी सीट वर करा. काय दिसतंय? मीच सांगते. ही ब्रेकच्या दांडीतून निघालेली बारीक वायर, मी बोट फिरवत फिरवत इथवर आले, आणि इथं काळा टेप. पुढं काही नाही. मोटरला करंट सोडणारा नवा कंट्रोलर बसवलात आणि ही जोडलीच नाहीत. — सॉकेट वेगळं होतं? मग बदलायचं. गाडी चालतेय ना, म्हणे. चालायला काय, चालतेच, थांबत नाही. आधी ब्रेकला बोट लागलं की मोटर गप्प व्हायची, एवढं मला सातवी शिकलेलीलाही कळायचं. त्या दिवशी वळणावर वेगाची मूठ अडकली, मागं फिरेना, मी ब्रेक दाबतेय आणि मोटर ओढतेच आहे, पुढं पायाशी माझा पोरगा उभा — थेट भिंतीवर. त्याच्या हनुवटीला टाके पडले आणि तुम्ही चहाचा कप हातात घेऊन सगळ्यांसमोर काय म्हणालात? ‘वहिनी घाबरल्या, ब्रेक सोडून मूठच पिळली.’ हसलात पण. ह्यांनी किल्ली काढून तुमच्याकडे दिली. आणि मी — मी पण खरं मानलं. तेव्हापासून पोराला घेऊन जिना उतरत नाही मी. आंघोळ सासूबाई घालतात. निसटला तर, माझ्याच हातातून — जाऊ दे, तुम्हाला कशाला सांगतेय. ही तुमची हत्यारांची पिशवी. जोडा.

थांबा. स्विच पाडला म्हणून लगेच हात घालायचा नाही, कंट्रोलरच्या पोटात करंट राहतो — तुम्हीच सांगितलं होतंत, मी टॉर्च धरून उभी होते तेव्हा. मीटर लावून बघा. तुमची काळजी नाही मला, घरी तुमची छकुली वाट बघत असेल म्हणून. — उतरला? आता जोडा. नुसता पीळ देऊन टेप नको, नीट कथलाचा डाग द्या, वर प्लास्टिकची नळी चढवा. आपल्या लेकीला पुढं उभं करणार असतात तर जसं केलं असतंत तसं.

हं. आता मधल्या स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी राहू दे, मग स्विच चढवा. पिळा मूठ. — सोडू नका, तशीच धरा. आता ब्रेक. बघा. मूठ पिळलेलीच आहे आणि मोटर गप्प.

मग कोण घाबरलं होतं, भाऊजी? संध्याकाळी हे घरी आले की तुम्ही परत यायचं, असंच करून दाखवायचं, सासूबाईंसमोर, आणि चहा मिळणार नाही.

पोरगा उठला वाटतं. रडतोय. — नको, तुम्ही वर जाऊ नका, सासूबाईंना हाकही मारू नका. मी आणते त्याला. कडेवर घेऊन, जिन्यानं. किल्ली सीटवर ठेवा, आणि मी खाली यायच्या आत निघा.