नाकारलेलं रद्द झालं

हॅलो?… हो, मीच. बोकनिम, अगं श्वास तरी घे… हो, आलो कोर्टातून. तास झाला असेल.

सांगते ना! पहिल्यापासून सांगू दे मला… नाही, शेवट आधी नाही… बरं बाई, जिंकली! आपली मांका जिंकली!… हॅलो?… आहेस ना?… आता तू का रडतेस? तूच म्हणायचीस, ताई, हे लोक कामासाठी गोष्टी रचून येतात… बरं, राहिलं. नाही काढत.

अगं ऐक ना. निकाल वाचायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. न्यायाधीश नुसते म्हणाले, "रद्द." मला वाटलं, हिचाच दावा रद्द! तिथंच बाकावर भोकाड पसरलं मी. तर त्या पियो वकीलबाई माझा हात दाबून म्हणतात, "आजी, नाकारलेलं रद्द झालं. आश्रय नाकारला होता ना, तो निर्णय रद्द झाला"… हो, आजी म्हणाली! बासष्टीची मी, आजी कसली?… हस, हस तू.

का नाकारला होता म्हणजे? किती वेळा सांगितलंय तुला… बरं, परत सांगते. तिकडे कॅमेरूनमध्ये हिच्या गावात सैनिक शिरले. घरं जाळली. धाकट्या भावाला दारातच गोळी घातली. ही रानात पळाली, आणि तीन दिवसांनी परत गेली, त्याला पुरायला… हो, एकटी. गावात कोण उरलं होतं?… तर इथं कोरियात आल्यावर सरकारी ऑफिसात मुलाखत झाली, आणि दुभाषी दिला फ्रेंच बोलणारा. हिची बोली निराळी, इंग्रजीच्या अंगानं जाणारी. ही म्हणाली, मयताला परत गेले होते. कागदावर काय उतरलं, ठाऊक आहे?… "घरच्या समारंभासाठी परत गेले होते."

समारंभ!… हो ना! मग ते म्हणणारच, जिवाची भीती असलेली बाई समारंभाला गावात कशाला जाईल? दिलं नाकारून. वर दाद मागितली, तिथंही तेच.

नाही, नाही, वकिलांनी नाही शोधलं. हिनंच! दुपारी आपल्या नूडल्सच्या दुकानात गिऱ्हाईक ओसरलं की ते मुलाखतीचे कागद घेऊन बसायची. एकेक कोरियन शब्द वहीत उतरवायची, मला विचारायची. एक दिवस सुपासाठी शिंपले धुता धुता ताठ उभी राहिली. म्हणाली, "मावशी, समारंभ म्हणजे लग्नबिग्न ना?" मी म्हटलं, हो. तर म्हणाली, "हे मी बोललेच नाही"… काटाच आला गं माझ्या अंगावर. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंसमोर उभी. मुलाखतीचं रेकॉर्डिंग मागवा, माझाच आवाज मला ऐकवा. चार महिने लागले यायला. ऐकलं, तर खरंच! ती तीन-तीनदा सांगतेय मयत, मयत, आणि तो बाबा आपला पुढेच चाललाय.

हो, ते कोर्टात वाजवलं, नव्या दुभाषीबाईंनी उलगडून सांगितलं… ते एप्रिलमध्ये, तारखेला. आज नुसता निकाल होता.

त्या तारखेचं तुला सगळं नाही सांगितलं मी… लाज वाटली म्हणून… सांगते, ओरडू नकोस. आदल्या दिवशी मीच तिला म्हटलं, पोरी, जरा वाढवून सांग. तुला मारलं म्हण. हातावर भाजल्याचा डाग आहे ना, तो दाखव. थोडी रड. तर तिनं हात माझ्यापुढे धरला. म्हणाली, "मावशी, हा तर तुमच्या उकळत्या सुपाचा डाग आहे"… हो गं, आपल्याच पातेल्याचा! दोन वर्षांपूर्वीचा. आणि मग म्हणाली, "जे झालं तेवढं पुरेसं आहे." बस. परत कणीक मळायला लागली. मी आपली कांद्याची पात चिरत बसले, मान खाली घालून.

आणि गंमत बघ, समोरच्या सरकारी वकिलानं नेमकं तेच विचारलं! तुम्हाला मारहाण झाली का? हातावर कसला डाग आहे? दुभाषीबाई तोंड उघडायच्या आत हीच कोरियनमध्ये बोलली. आणि कुठली कोरियन? आपल्या मोक्पोकडची, गावठी!… अगं शपथ! माझ्याकडूनच शिकलीय ना ती. म्हणाली, "न्हाई. मला कुनी हात न्हाई लावला. ह्यो डाग मावशीच्या सुपाचा हाय. मारलं माज्या भावाला. म्या त्याला मातीआड कराया गेले. भ्या वाटत हुतं, तरी गेले. त्यो एकटाच पडला हुता."

…हो.

…हो, मीपण रडले.

कसलं काय, न्यायाधीश सोलचे, त्यांना निम्मं कळेना! मी उठून म्हटलं, साहेब, ती म्हणतेय की… तर शिपायानं खाली बसवलं मला. मग दुभाषीबाईंनी नीट सांगितलं. न्यायाधीश बराच वेळ लिहीत होते. समोरच्या वकिलानं पुढचा प्रश्नच नाही विचारला. अगं, खोटं बोलायला मी सांगत होते, आणि तिच्या खऱ्यानंच त्याचं तोंड बंद झालं. इतकी वर्षं दुकान चालवतेय, माणूस ओळखते म्हणते, पण अशी पोरगी नाही पाहिली मी.

नाही, संपलं नाही अजून. सरकार वरच्या कोर्टात जाऊ शकतं. दोन आठवडे वाट बघायची… वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं तिला. तर म्हणाली, "वर गेले तर वर जाऊन सांगेन. तेच सांगायचंय." तेच सांगायचंय म्हणे!

बोलायचंय तिच्याशी?… आत्ता नको गं. वर झोपलीय… नाही, जेवलीसुद्धा नाही. कोर्टात घातलेल्या कपड्यांतच आडवी झाली. अगं, तीन वर्षं ही माझ्या माळ्यावर राहतेय, जिन्याच्या पहिल्या पायरीवर कुणी पाय ठेवला की उठून बसायची. भर दुपारीसुद्धा. आज मी वर गेले, पायातले मोजे काढले, पांघरूण घातलं, खिडकी लावली… नाही गं, हललीसुद्धा नाही. तोंड उघडं टाकून घोरतेय.

कोण?… थांब हं… आज बंद आहे हो! नाही, नूडल्स नाहीत!… अहो, हळू बोला, वर माणूस झोपलंय!

बोकनिम, ठेवते मी… शटर नाही ओढणार, केवढ्यानं वाजतं ते. दारातच खुर्ची टाकून बसते… हो, बसते उठेपर्यंत. ठेव.