हेल्मेटची साक्ष

माझं नाव योसेफ, मूळचा जालन्याकडचा, बाप गवंडी होता आणि आई चर्चमधल्या बायकांच्या गाण्यात सगळ्यांच्या पुढं. इथं दुबईत अल क्वोजला गोदामात रॅक बसवायचं काम करतो, चौदा वर्षं झाली. काय सांगू तुम्हाला, माझी सगळी गोष्ट एका हेल्मेटची, इथल्या आमच्या चर्चच्या मंडळीत कुणालाही विचारा, तोंडपाठ आहे सगळ्यांना.

आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी वरून लोखंडी बीम सुटला तो थेट माझ्या डोक्यावर. हेल्मेटला आडवी चीर, मला नुसतं टेंगूळ. सुपरवायझर मलबारी, तो म्हणला, भाई, मैं तो समझा खलास. ते हेल्मेट मी टाकलं नाही. आमच्यात दरसाल उपकारस्तुतीची उपासना असते, गावाकडं लोक पहिलं धान्य आणून वेदीपुढं ठेवतात, इथं कुठलं आलंय शेत, म्हणून जो तो काहीतरी आणतो आणि उभं राहून साक्ष देतो, की अमक्या वेळी देवानं मला सांभाळलं. मी हेल्मेट न्यायचो. दरसाल तेच हेल्मेट, तीच साक्ष, लोक हसायचे, आमच्या रूथमावशी आहेत, हॉस्पिटलात नर्स, त्या दारातच विचारायच्या, योसेफ, आणलंस का रे तुझं मडकं.

डॅनियल माझा धाकटा भाऊ. त्याला इकडं मीच आणला. आई नको म्हणत होती, तर तिला मी फोनवर तीच साक्ष ऐकवली, म्हणलं आई, ज्यानं मला सांभाळलं तो त्याला नाही का सांभाळणार. हे मी म्हणलं. माझ्याच तोंडचं वाक्य आहे हे. दोन वर्षं तो उपासनेला पहिल्या रांगेत बसला, आणि माझं शेवटचं वाक्य संपायच्या आधीच लई मोठ्यानं आमेन म्हणायचा, पाळकसाहेब डोळे वटारायचे, तर हा मला म्हणायचा, दादा, आटप ना, बिर्याणी गार होतीय.

ह्या उन्हाळ्यात तो एसीच्या कामाला गोदामाच्या छपरावर चढला. मधला प्लास्टिकचा पत्रा उन्हानं पार कुजलेला, पाय पडला तसा सरळ खाली गेला. त्याच्याही डोक्यावर हेल्मेट होतं. मला ते दिलं कंपनीवाल्यांनी. साधा ओरखडा नाही त्याला. त्याच्या शवपेटीबरोबर मीच गेलो गावाला. आईनं मला काहीच विचारलं नाही, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

परत आलो तर थोड्याच दिवसांत उपकारस्तुती. ठरवलं, जायचं नाही, कुठल्या तोंडानं जाऊ. तर आईचा फोन, हेल्मेट काढलंस का. म्हणलं आई, आता कसली साक्ष देऊ मी. ती म्हणली, तेव्हा वाचलास ते खोटं होतं का? ने ते. आणि मग रडायला लागली, गावात माती दिली तेव्हासुद्धा रडली नव्हती ती.

गेलो. ठेवलं टेबलावर. उभा राहिलो, माझं नाव योसेफ, एवढं म्हणलो आणि हेल्मेटची चीर बोटानं चाचपत राहिलो. मग मागून रूथमावशी उठल्या, माझ्याच चालीत म्हणल्या, दुसरं वर्ष होतं, वरून बीम सुटला. दुसरा कुणी म्हणला, हेल्मेटला आडवी चीर. मग सगळा हॉलच म्हणायला लागला, मी अडखळतो तिथं अडखळत, सुपरवायझरच्या हिंदीसकट, आणि कुणी हसलं नाही. शेवटचं वाक्य, त्या दिवशी देवानं मला सांभाळलं. तेही म्हणले आणि थांबले. आमेन कुणी म्हणेना. ते डॅनियलचं होतं, सगळ्यांना माहीत. शेवटी मीच म्हणलं, हळूच.

विश्वास राहिला का, विचारता. राहिलाय, पण देवाशी बोलणं पहिल्यासारखं होत नाही. सकाळी कंपनीची बस आली की चढतो, रॅक लावतो. कॉटखाली आता दोन हेल्मेटं आहेत, पुढच्या साली कुठलं न्यायचं ते अजून ठरलं नाही माझं. तुमची लेकरं जिथं असतील तिथं देव त्यांना सांभाळो. एवढं म्हणतो मी अजून. फक्त कुणाच्या आईला शब्द देत नाही.