येळवसचं आवतण

(उमरगा तालुक्यातलं एक गाव, १९६१ सालचा हिवाळा. रुद्रम्माच्या ओसरीवर दुपार कलते आहे. अंबादास मास्तरांच्या मांडीवर एक कानडी मासिक आणि वही.)

अंबादास : ...‘पहाटे तिनं एकटीनं दोन बैलांचा नांगर जुंपला आणि दिवस मावळायच्या आत चार एकर रान नांगरून काढलं.’ बरोबर झालंय ना अव्वा? की कानडीत काही वेगळं आहे?

रुद्रम्मा : कानडी बरुबर हाय. लिवणारा चुकला. दोन बैलांवर काळं रान नांगरतंय व्हय? त्ये बी चार एकर, एका दिसात? त्यो बाबा रानात कवा गेलाच न्हाय.

अंबादास : कथेत एवढं चालतं.

रुद्रम्मा : रानात चालत न्हाय. आन म्या बी नांगर धरला नव्हता, मास्तर. कुळव धरला. लोकांनी त्याचा नांगर केला.

अंबादास : चावडीवर तर मला हेच सांगितलं. ‘नांगर धरणाऱ्या बाईची गोष्ट वाचताय? मग आमच्या रुद्रम्मालाच विचारा की.’ हसत होते सगळे.

रुद्रम्मा : हसूंद्या. त्यांच्या हसण्यानं तुम्ही हितं आलात. बारा वर्सांत ह्या ओसरीवर टेकलेलं पयलं माणूस तुम्ही.

अंबादास : मला अक्षरं तेवढी येतात, अव्वा. गुलबर्ग्याकडं नोकरीला होतो तेव्हा शिकलो. मग राज्यं वेगळी झाली, माझी बदली इकडं झाली, भाषा अर्धीच राहिली. तुम्ही नसता तर ही कथा मराठीत आलीच नसती.

रुद्रम्मा : आन मला अक्षर न्हाय. दोघं मिळून एक शाणं माणूस व्हतंय.

अंबादास : आता शेवटचं पान. आठ दिवस झाले, आपण इथंच अडकलोय. उद्या टपालात पडायला पाहिजे हे. रोज तुमचं एकच, ‘ह्यो शबूद आठवना, उद्या या.’

रुद्रम्मा : म्हातारपण, दुसरं काय.

अंबादास : काल मी मल्लम्माला विचारलं, शाळेत पाणी भरते तिला. तिनं चटाचटा सांगितलं. पंगत, पाहुणे, उष्टं. घरातले साधे शब्द आहेत, अव्वा. तुम्हाला येत नव्हते?

रुद्रम्मा : येत होते.

अंबादास : मग?

रुद्रम्मा : पान सरलं की गोष्ट सरली. गोष्ट सरली की तुम्ही कशाला येताय हितं? दुपार झाली की म्या ओसरी झाडून, घोंगडं हातरून बसते. तुमची चप्पल वाजली की बरं वाटतंय. आता रागवा.

अंबादास : रागवायचं काय त्यात? आणि येईन की मी. गोष्ट संपली म्हणून काय झालं?

रुद्रम्मा : पाटील काय म्हणले तुमाला? मल्लम्मा हिरीवर सांगत होती. माझ्याकडं पाठ करूनच बोलती, पण बोलती बिचारी.

अंबादास : ज्ञानोबा पाटील म्हणाले, ‘लिहिण्याचं काम आहे तवर ठीक. काम झालं की तिकडची वाट सोडा.’ राहायला खोली त्यांनीच दिलीय, अव्वा. दुसरी गावात मिळत नाही. पोरं लहान आहेत.

रुद्रम्मा : मग येईन म्हणून कशाला म्हणताय? वाचा. सरूंद्या एकदाची.

अंबादास : ‘येळवसच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवशी तिनं रानात कडब्याची कोप घातली. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले, पुजले. आंबिलीचं मडकं काठोकाठ भरलं. ऊन चढलं तसं अख्खं गाव तिच्या रानात आलं. पंच आले, बाया आल्या, पोरं आली. तिच्या दिरानं पहिला घास घेतला.’

रुद्रम्मा : दीर बी आला?

अंबादास : हो.

रुद्रम्मा : आमचा रामलिंग न्हाय आला. मालक गेले तवा म्हणला, ‘रान माझ्याकडं दे, दोन टायमाची भाकर तुला घालतो.’ म्या न्हाय म्हणलं. त्यानं गड्यांना दम दिला, कुणी कामाला येईना. मिरीग डोक्यावर आला. मग काय करती? धरला कुळव. आन नेमका त्याच साली पावसानं दगा दिला. आभाळाचं खापर माझ्या डोसक्यावर फुटलं. बाईनं औत धरलं म्हणून पाऊस गेला, हिच्या हातचं कुणी खायाचं न्हाय.

अंबादास : पुढच्या साली पाऊस झाला की.

रुद्रम्मा : झाला. त्ये कुणी माझ्या नावावर मांडलं न्हाय. बारा येळवशी झाल्या, मास्तर. दर साली समद्या शेंगा-पाल्याची भज्जी करते, बाजरीचं उंडे करते, मडकंभर आंबील करते. त्या दिसाला वाटसरूला बी हाक मारून जेवू घालायचं असतंय. म्या बी मारते हाक. हाक ऐकली की माणूस चाल वाढवतंय. शेजारच्या रानात पन्नास माणूस हसतंय, खिदळतंय, समदं ऐकू येतंय. सांजेला माझी कोप म्याच मोडते.

अंबादास : परवा येळवस आहे. मी येतो तुमच्या रानात.

रुद्रम्मा : कोणत्या वाटंनं?

अंबादास : ओढ्याच्या अंगानं. पाटलांकडं जेवणं उरकली की गुपचूप निघतो. कुणाला दिसायचं नाही.

रुद्रम्मा : मग नका येऊ.

अंबादास : अव्वा, ऐका तरी.

रुद्रम्मा : चोरून आलेलं माणूस पाव्हणं नसतंय. म्या कुळव धरला त्यो दिसाउजेडी, गावादेखत. यायचं तर गाडीवाटंनं या. न्हाय तर पाटलाकडं सुखानं जेवा. म्या राग धरणार न्हाय, खरंच सांगते. तुमची पोरं उघड्यावर पडावी असं मला वाटंल व्हय? वाचा म्होरं. एवढं गाव आल्यावर ती बाई काय बोलली?

अंबादास : काहीच नाही. ‘तिच्या डोळ्यांना धार लागली. कोपीच्या मेढीला टेकून ती कितीतरी वेळ रडत राहिली.’ इथं संपलं.

रुद्रम्मा : खोडा त्ये.

अंबादास : लेखकाचं आहे ते. मी कसं खोडू?

रुद्रम्मा : खोटं हाय. रानात माणसं जेवायला बसल्यावर बाईला रडायला सवड असती व्हय? एकाला भज्जी पायजे, एकाला पाणी, कुणाचं पोरगं आंबील सांडतंय. रडणं हे एकलीचं काम हाय. त्ये मला इचारा.

अंबादास : (वही मिटून बाजूला ठेवतो.)

रुद्रम्मा : काय झालं? लिवा की.

अंबादास : काय लिहू? ह्या कथेखाली मी माझं नाव घालणार. लोक म्हणतील, वा मास्तर. आणि परवा मी ओढ्यातनं लपतछपत यायचं. नाही अव्वा. लीलाला आणि पोरांना घेऊन येतो. गाडीवाटेनं.

रुद्रम्मा : खोली जाईल.

अंबादास : जाईल. भीती तर वाटतेच मला, खोटं कशाला बोलू? शाळेच्या पडवीत काढू चार दिवस.

रुद्रम्मा : घरी जावा. लीलाबाईंना इचारा. त्यांनी नको म्हणलं तर येऊ नका, निरोप बी धाडू नका. दुपारपतूर कुणी आलं न्हाय की म्या समजून घेते, सवय हाय मला.

अंबादास : येतो मग.

रुद्रम्मा : थांबा, एवढं सांगून जावा. पोरं तिखट खातेत का? दुसऱ्याच्या तोंडाचा अंदाज न्हाय राहिला मला.